गावच्या रोजच्या गोष्टींचे संकेतस्थळ कसे चालवावे

कोकणातले बहुतेक गाव दोन ठिकाणी नांदते. अर्धे गाव खाडीकाठी किंवा डोंगराच्या उतारावर असते, आणि उरलेले अर्धे मुंबई, ठाणे, विरार, पनवेल या पट्ट्यात राहून गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येते. या दोन्हींमध्ये वर्षभर बोलणे चालू असते, पण ते बहुतेक कामाचे असते: सातबाऱ्यावरचे नाव, देवळाची वर्गणी, आंब्याच्या पेट्या, कौले चाळायला गडी मिळाला की नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या, दिवसांत सुकी मासळी वाळत घातली असताना अचानक आलेल्या सरीची, किंवा रात्री वस्तीला येणाऱ्या एसटीने आलेल्या पाहुण्याची गोष्ट फोनवर निघत नाही. निघाली तरी व्हॉट्सॲपच्या गटात ती शुभेच्छांच्या ढिगाखाली दिवसभरात गाडली जाते. अशा लहान, खऱ्या, रोजच्या जगण्यातल्या गोष्टी एका जागी, पुढे शोधता येतील अशा ठेवण्यासाठी पंचक्रोशीचे एक साधे संकेतस्थळ चालवता येते. त्यासाठी पैसा थोडा लागतो, तांत्रिक ज्ञान त्याहून थोडे लागते, आणि संपादनाची चिकाटी मात्र पुष्कळ लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यातूनच निघतात. रोजच्या गोष्टीचा जीव तपशिलात असतो, आणि गावात माणूस ओळखू येतो तोही तपशिलामुळेच. तपशील काढला तर गोष्ट निर्जीव होते आणि सगळाच तपशील ठेवला तर कोणाचे तरी घर उघड्यावर येते. संपादकाचे खरे काम या दोन टोकांमध्ये, प्रत्येक गोष्टीपुरते, नव्याने निर्णय घेण्याचे आहे.

हद्द आधी ठरवावी

‘कोकणातल्या गोष्टी’ एवढे मोठे क्षेत्र घेऊ नये. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा आहे, आणि त्यात बोली, मासे पकडण्याच्या रीती, सणांचे प्रकार, घरांची बांधणी हे सगळे काही कोसांवर बदलते. रत्नागिरीकडचा जाखडी नाच आणि तळकोकणातले दशावतारी नाटक यांचे रसिक वेगळे, आणि त्यांच्याभोवती घडणाऱ्या गोष्टीही वेगळ्या. माझ्या मते सर्वांत चांगली हद्द म्हणजे एकाच बाजाराला जाणारी गावे, किंवा एकाच खाडीचे दोन्ही काठ. दाभोळच्या खाडीचे उदाहरण घेतले तर उत्तरेकडचे दाभोळ दापोली तालुक्यात आणि समोरचे धोपावे गुहागर तालुक्यात आहे. कागदावर ती दोन तालुक्यांत विभागलेली आहेत, पण फेरीबोटीने रोज इकडची माणसे तिकडे जातात. अशा हद्दीतला वाचक गोष्टीत आलेली चढण, तिठा आणि धक्का स्वतः पाहिलेला असतो, आणि चूक झाली तर ती तो लगेच दाखवून देतो. एवढ्या जवळचा वाचक मिळाल्याशिवाय संपादकालाही काळजी घेण्याची सवय लागत नाही.

दुसरी हद्द शब्दांची. मराठी वाचकाला शतशब्दकथेचा प्रकार परिचित आहे, परंतु तोंडी सांगितलेल्या खऱ्या गोष्टीला शंभर शब्द अपुरे पडतात. तीनशे शब्दांची मर्यादा योग्य ठरते. तेवढ्यात एक प्रसंग, दोन माणसे आणि एखादे बोललेले वाक्य नीट मावते, आणि गाडीची वाट पाहत उभा असलेला माणूस ते वाचून पूर्ण करतो. लांब मजकूर आला तर तो कापण्यापूर्वी लेखकाला विचारावे की यात दोन गोष्टी आहेत का, कारण बहुतेक वेळा त्या असतात.

तिसरी हद्द विषयाची, आणि ती लेखी स्वरूपात प्रसिद्ध करावी. बातम्या, श्रद्धांजल्या, शुभेच्छा, पुढे पाठवलेले (फॉरवर्ड) मजकूर आणि राजकीय प्रचार घेऊ नये. काल्पनिक कथा घ्यायच्या की नाहीत याचाही निर्णय पहिल्याच दिवशी करावा. मी त्या घेऊ नयेत या मताचा आहे, कारण एकाच पानावर खरे आणि रचलेले शेजारी बसले की वाचक दोन्हींवरचा विश्वास काढून घेतो. भुताखेतांच्या गोष्टी कोकणात ढिगाने येतील. गिऱ्हा, देवचार, हडळ यांच्या गोष्टी ऐकायला सुरेख असतात, पण त्यातल्या पुष्कळशा दर गावात फक्त गावाचे नाव बदलून सांगितल्या जातात. त्या सरसकट नाकारण्यापेक्षा सांगणाऱ्याला विचारावे की त्या रात्री तुम्ही स्वतः कोठे होता, कंदील कोणाच्या हातात होता, आणि दुसऱ्या दिवशी घरात काय बोलणे झाले. या प्रश्नांना उत्तर असेल तर ती रोजच्या जगण्यातलीच गोष्ट आहे आणि ती अवश्य घ्यावी.

माणसे आणि वेळापत्रक

संपादक मंडळ लहान असावे, तीन ते पाच जणांचे. त्यात एक जण गावात कायम राहणारा, एक जण मुंबईकडचा, आणि किमान एक बाई असावी. बाई नसेल तर माजघरातल्या, विहिरीवरच्या आणि मासळी बाजारातल्या गोष्टी येत नाहीत आणि संकेतस्थळ पाराच्या गप्पांपुरते उरते. मंडळ एकाच भावकीचे किंवा एकाच वाडीचे नसावे. ही अट अवघड आहे, परंतु तिच्याशिवाय दुसऱ्या वाडीतली माणसे आपले म्हणून काहीही देणार नाहीत.

पंचवीस-तीस गोष्टी तयार झाल्याशिवाय संकेतस्थळ लोकांसमोर आणू नये. त्यानंतर आठवड्यातून एक किंवा दोन गोष्टी, ठरलेल्या वारी, एवढा वेग पुरे. गावच्या वर्षाशी हे वेळापत्रक जुळवून घ्यावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत होड्या शाकारलेल्या असतात, जाळी विणायचे व दुरुस्तीचे काम बसून चालते, आणि दर्यावर जाणारी माणसे निवांत बोलायला सापडतात. गणपतीत मात्र कोणाला वेळ नसतो असे नव्हे. आरत्या आटोपल्यावर, भजनाला जाण्यापूर्वी पडवीत जी अर्धा तास बैठक जमते ती गोष्टी ऐकण्याची फार चांगली जागा आहे. भातलावणीच्या दिवसांत मात्र कोणालाही काही विचारायला जाऊ नये.

न लिहिणाऱ्यांच्या गोष्टी

फक्त लिहून पाठवणाऱ्यांवर अवलंबून राहिल्यास निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि कॉलेजातली मुले यांचेच लेखन येईल. ते मोलाचे आहे, पण रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारा, मासे विकणारी, काजूच्या कारखान्यात बी फोडणारी, दशावतारी नाटकाचे पेटारे वाहणारा माणूस लिहून पाठवत नाही. त्याच्याकडे जाऊन ऐकावे लागते.

फोनवर ध्वनिमुद्रण करावे, आणि सुरू करण्यापूर्वी परवानगी मागून ती परवानगीही ध्वनिमुद्रित करावी. ‘तुमच्या आयुष्यातली एखादी आठवण सांगा’ असे विचारल्यास बहुतेक माणसे ‘काय सांगणार, सगळा चाललाच हा’ एवढे म्हणून गप्प बसतात. प्रश्न वस्तूवरून किंवा कामावरून निघावा. वीज येण्यापूर्वी दळण कोठे नेत होता, इरले कोण विणून देत असे, पहिल्यांदा फोन आला तेव्हा तो कोणाच्या घरी घ्यायला जावे लागे, कोकण रेल्वेची गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा सोबत कोण होते, असे विचारले की उत्तरे आपोआप लांबतात. संपूर्ण मार्गावर रेल्वे सुरू झाली ती जानेवारी १९९८ मध्ये, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न आज पन्नाशीतल्या माणसालाही विचारता येतो. ‘जुन्या’ गोष्टीसाठी नव्वदीच्याच माणसाकडे गेले पाहिजे असे नाही.

ध्वनिमुद्रण कागदावर उतरवताना बोलीचा प्रश्न येतो. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोळी, कोकणी मुसलमानांची बोली, या सगळ्या आपल्या हद्दीत असू शकतात. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवणे हा सोयीचा मार्ग आहे. ‘आवशीन माका हाक मारल्यान’ हे वाक्य ‘आईने मला हाक मारली’ असे करून छापले तर अर्थ पोचतो पण ती आई पोचत नाही. ज्याने संपूर्ण गोष्ट बोलीत सांगितली आणि तशीच छापावी अशी इच्छा दाखवली, त्याची गोष्ट तशीच छापावी. बोललेले ऐकून टंकलेखन करणारी सोय फोनवर असते. ती वेळ वाचवते, परंतु बोलीतल्या शब्दांच्या जागी तिला ओळखीचे वाटणारे प्रमाण शब्द घालते, म्हणून मूळ आवाज ऐकत प्रत्येक शब्द तपासावा. उतरवलेला मजकूर सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा. ही पायरी कधीही टाळू नये, कारण ऐकताना माणूस जे दुरुस्त करतो त्यातच बहुधा गोष्टीचा खरा गाभा असतो. छापताना सांगणाऱ्याचे नाव आधी आणि शब्दांकन करणाऱ्याचे नंतर, अशी दोन्ही नावे द्यावीत.

संपादन म्हणजे प्रश्न विचारणे

समजा, असा मजकूर आला: ‘आमच्या गावात पूर्वी रात्री वस्तीची एसटी यायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर गावातच राहायचे. गावकरी त्यांना फार प्रेमाने वागवत. आता ती आपुलकी राहिली नाही.’ यातले काहीही खोटे नाही, आणि तरीही यातून काही दिसत नाही, कारण हेच चार शब्द कोणत्याही गावाबद्दल लिहिता येतील. नवखा संपादक येथे भाषा सुधारायला घेतो. ‘आपुलकी’च्या जागी ‘जिव्हाळा’ घालतो. त्याने काहीच साधत नाही. लेखकाला फोन करून विचारावे. गाडी कोठे उभी राहत असे? ते दोघे कोठे झोपत? जेवण कोणाकडून जाई, आणि ते कोणी नेऊन देई? तिकिटांच्या पैशांची पिशवी रात्री कोठे ठेवत? सकाळी गाडी किती वाजता सुटे?

उत्तरांतून मजकूर असा होऊ शकतो: ‘गाडी देवळासमोरच्या वडाखाली उभी राहायची. कंडक्टर पैशांची पिशवी उशाला घेऊन धर्मशाळेच्या ओट्यावर झोपायचा आणि ड्रायव्हर गाडीतच. भाकरी आणि कुळथाची पिठी आमच्याकडून जायची. ती नेऊन देण्यासाठी आम्हा भावंडांत भांडण व्हायचे, कारण नेणाऱ्याला ड्रायव्हरच्या जागेवर बसायला मिळायचे. पहाटे इंजिन सुरू झाले की त्या आवाजावर आई चूल पेटवायची. संप झाला तेव्हा चार दिवस घरात सगळे उशिरा उठले.’ येथे ‘प्रेमाने वागवत’ हे वाक्य गळून पडले तरी चालते, आणि ‘आता ती आपुलकी राहिली नाही’ हेही. पूर्वी चांगले होते आणि आता वाईट आहे असा शेवट जवळजवळ प्रत्येक गोष्टीला जोडून येतो. तो काढण्याची परवानगी लेखकाकडून मागावी आणि का काढायचा हे समजावून सांगावे.

संपादकाने स्वतःची वाक्ये घालू नयेत. उत्तरे लेखकाची, शब्द शक्यतो लेखकाचे, आणि अंतिम मसुदा लेखकाने मान्य केल्यावरच प्रसिद्ध, हा क्रम पाळावा. गोष्ट नाकारायची असेल तर कारण देऊन, आणि तीही फोनवर किंवा समक्ष नाकारावी. गावात नाकारलेली माणसे बाजारात दररोज भेटतात.

नाव बदलून भागत नाही

शहरातल्या वाचकासाठी लिहिताना नाव बदलले की माणूस झाकला जातो. साठ उंबऱ्यांच्या गावात तसे होत नाही. ‘एक शिंपी’ असे लिहिले आणि गावात शिंपी एकच असेल, तर नाव दिले काय आणि न दिले काय, सारखेच. म्हणून गोष्टीत दुसऱ्या व्यक्तीचा उल्लेख आला की दोन प्रश्न विचारावेत: वाडीतला माणूस तिला ओळखेल का, आणि ओळखल्यावर तिच्याबद्दल जे कळेल ते तिने स्वतः होऊन चारचौघांत सांगितले असते का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल तर त्या व्यक्तीची संमती घ्यावी. ती हयात नसेल तर घरच्यांची घ्यावी. आजारपण, कर्ज, दारू, फारकत, मूल नसणे, आंतरजातीय लग्न या विषयांत हा नियम शिथिल करू नये, गोष्ट कितीही चांगली असली तरी.

मृत व्यक्तींबाबत कोणाला विचारण्याची गरज नाही असा समज आढळतो, आणि तो चुकीचा आहे. बदनामीची तरतूद आता भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि ती व्यक्ती जिवंत असती तर ज्यामुळे तिची बदनामी झाली असती अशा, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेल्या आरोपालाही ती लागू होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ ने मध्यस्थांना, म्हणजे इतरांचा मजकूर फक्त ठेवणाऱ्या किंवा पोचवणाऱ्यांना, जे संरक्षण दिले आहे, ते मजकूर न निवडणाऱ्या आणि त्यात बदल न करणाऱ्या मध्यस्थासाठी आहे. आपण तर प्रत्येक गोष्ट निवडतो आणि दुरुस्त करतो, म्हणून त्या संरक्षणाच्या भरवशावर राहू नये आणि छापलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी आपली आहे असे धरूनच चालावे. तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नाव आणि संपर्क पानावर ठळक द्यावा.

कोकणात आणखी एक धोका आहे, जो बाहेरच्या संपादकाच्या लक्षात येणार नाही. ‘आम्ही शाळेत जाताना अमक्यांच्या बागेतल्या पायवाटेने जायचो’ हे वाक्य निरागस दिसते. परंतु १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षांच्या उघड आणि अखंड वापरातून वाटेचा हक्क निर्माण होऊ शकतो, आणि गडग्यावरून (दगडी कुंपणावरून), पाणंदीवरून, विहिरीच्या वाट्यावरून चाललेले दावे जवळपास प्रत्येक गावात आहेत. तसेच पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीचा माड कोणाच्या आवारातून यायचा, देवापुढे गाऱ्हाणे कोणी घालायचे, हे मानपानाचे विषय. अशी वाक्ये उद्या कोणी तरी छापून घेऊन दाव्यात नेईल. वाद चालू असलेली वाट असेल तर बागमालकाचे नाव काढून ‘बागेतून’ एवढेच ठेवावे, आणि मानाच्या क्रमाबद्दल काहीही छापू नये. पालखी नाचवताना खांद्याला काय वाटले ते अवश्य छापावे.

लहान मुलांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. शाळेतून गोष्टी मागवल्यास पालकांची सही घ्यावी, आणि छापताना मुलाचे फक्त पहिले नाव आणि इयत्ता द्यावी, फोटो देऊ नये.

लेखकाकडून घेतलेली परवानगीही लेखी असावी. प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे गोष्टीचा पहिला मालक लेखक असतो आणि संकेतस्थळावर दिल्याने ती मालकी जात नाही. ती आपण मागूही नये. परवानगीपत्रात मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहावेत, कारण मुदत लिहिली नसेल तर परवानगी ५ वर्षांपुरती आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती मानली जाते. पुढे निवडक गोष्टींचे पुस्तक काढायचे झाल्यास पुन्हा विचारू, असेही त्यातच लिहून द्यावे. लेखकाने गोष्ट काढून टाकण्यास सांगितले तर कारण न विचारता काढावी. दुसऱ्या कोणी सांगितले तर आधी तात्पुरती उतरवून ठेवावी आणि मग मंडळाने बसून निर्णय घ्यावा.

तांत्रिक बाजू

येथे फार गुंतागुंत करण्याचे कारण नाही. वर्डप्रेससारखी विनामूल्य आणि मराठीत उपलब्ध असलेली प्रणाली पुरेशी आहे. पानावर गोष्ट, सांगणाऱ्याचे नाव, गाव, साधारण काळ आणि शोधण्याची चौकट, एवढेच असावे. एका तीनशे शब्दांच्या देवनागरी मजकुराला पाच-सहा केबी पुरतात, तर फोनमधला एक न आकसलेला फोटो तीन एमबीचा असतो. म्हणजे त्या एका फोटोच्या जागेत पाचशे गोष्टी मावतात. डोंगराआडच्या वाड्यांत, विशेषतः पावसात, रेंज येते-जाते, म्हणून फोटो क्वचित द्यावा आणि दिल्यास दीडशे केबीच्या आत आणून द्यावा.

सर्व मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा. जुन्या छापखान्यांतून आणि मंडळांच्या स्मरणिकांतून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा टंकांतला मजकूर येतो. तो परिवर्तकातून काढता येतो, पण रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, म्हणून तो ओळीने वाचावा. आणखी एक बारीक अडचण ‘ऱ्य’ या जोडाक्षराची आहे. ‘वाऱ्यावर’, ‘खाऱ्या’, ‘पऱ्या’ हे शब्द दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी टंकता येतात. डोळ्यांना दोन्ही एकसारखे दिसतात, परंतु शोधताना एक क्रम टाकला तर दुसऱ्या क्रमाने लिहिलेली गोष्ट सापडत नाही. किनाऱ्यावरच्या गोष्टींत हे अक्षर पदोपदी येते, त्यामुळे एकच पद्धत ठरवून प्रसिद्धीपूर्वी सगळीकडे तीच करून घ्यावी. गावांच्या नावांचेही तसेच: वेंगुर्ला की वेंगुर्ले, एक रूप ठरवावे.

संकेतस्थळाचे नाव कोणत्याही एका उत्साही तरुणाच्या वैयक्तिक खात्यावर नोंदवू नये. तो परदेशी गेला, किंवा त्याने नूतनीकरणाचा ईमेल पाहिला नाही, तर नाव जाते आणि ते दुसऱ्याने घेतल्यास परत मिळत नाही. नोंदणी वाचनालयाच्या किंवा नोंदणीकृत मंडळाच्या नावे, आणि संकेतशब्द किमान दोघांकडे, ही व्यवस्था असावी.

खर्च आणि जाहिराती

वर्षाचा खर्च नाव आणि जागा यांच्या भाड्यापुरता असतो, आणि पंचवीस-तीस घरांनी थोडे थोडे दिले तर तो भागतो. जमा-खर्च वर्षातून एकदा पानावर लावावा. जागांची खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या जाहिराती घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. समुद्र दिसणाऱ्या सड्याची, म्हणजे कातळाच्या पठाराची, गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या शेजारी त्याच सड्यावरच्या प्लॉटची जाहिरात झळकली, तर पुन्हा कोणीही आपल्या जागेबद्दल मोकळेपणाने बोलणार नाही. निवडणुकीतल्या उमेदवारांकडून देणगी घेण्याबाबतही तेच.

गावात परत नेणे

ज्यांच्याकडून गोष्टी घेतल्या त्यातल्या अनेकांकडे ते पान उघडण्याचे साधन नसते, किंवा अक्षर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून महिन्याच्या चार-पाच गोष्टी मोठ्या अक्षरांत छापून वाचनालयात, धक्क्यावर आणि एसटीच्या थांब्यावर लावाव्यात. गणपतीत एक संध्याकाळ वाचनाची ठेवावी. शक्य असेल तेथे सांगणाऱ्याच्या नातवंडाने वाचावे. अशा वाचनानंतर ‘त्या दिवशी मीपण होतो’ म्हणून कोणी तरी उठतो, आणि त्याचे म्हणणे वेगळे असते. ते मूळ गोष्टीत मिसळू नये. तिच्याखाली ‘जोड’ म्हणून त्याच्या नावाने द्यावे. एकाच वादळाच्या रात्रीच्या अशा चार ‘जोड’ नोंदी जमल्या की गावाला त्या रात्रीचे जे चित्र मिळते, ते कोणत्याही पंचनाम्यात सापडणार नाही. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या दोन वादळांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. श्रीवर्धन, दापोली, देवगड, मालवण या बाजूंच्या मंडळांनी त्या आत्ताच गोळा कराव्यात, कारण कौले कोणी आणून दिली आणि पडलेली पोफळ कोणी तोडून दिली हे तपशील आधी विसरले जातात.

प्रती आणि पुढची माणसे

मोठ्या कंपनीच्या आवारात ठेवलेल्या गोष्टी सुरक्षित असतात असे समजू नये. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले तेव्हा त्यावरच्या मराठी समूहांतले बहुतेक बोलणे लोकांच्या हातून गेले. म्हणून दर महिन्याला संपूर्ण मजकुराची प्रत काढावी, आणि ती साध्या मजकुराच्या स्वरूपातही असावी, जेणेकरून प्रणाली बदलली तरी वाचता येईल. ध्वनिमुद्रणे वेगळी जपावीत, त्यांच्या नावांत तारीख आणि गाव असावे. वर्षाच्या शेवटी सर्व गोष्टी कागदावर छापून बांधून घ्याव्यात.

या प्रती एकाच ठिकाणी ठेवू नयेत. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणचे १८६४ पासूनचे वाचनालय पाण्याखाली गेले आणि हजारो पुस्तके भिजून नष्ट झाली. खाडीकाठच्या वाचनालयात एक प्रत असेल तर दुसरी सड्यावरच्या किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाचनालयात आणि तिसरी मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे असावी. कागदी प्रत जमिनीलगतच्या फळीवर ठेवू नये.

दर दोन-तीन वर्षांनी संपादकांपैकी एकाने जागा मोकळी करावी आणि नव्या माणसाने किमान सहा महिने जुन्याबरोबर काम करावे, कारण कोणत्या घरी काय विचारायचे नाही हे लिहून ठेवता येत नाही, ते बरोबर फिरूनच कळते. लिहून ठेवता येण्यासारखे जे आहे, म्हणजे परवानगीपत्रांची फाइल, नूतनीकरणाची तारीख, संकेतशब्द, काढून टाकलेल्या गोष्टींची यादी आणि त्या पुन्हा लावू नयेत अशी सूचना, ते एका वहीत हाताने लिहून वाचनालयाच्या कपाटात ठेवावे, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.